मातीची पदवी

“मातीची पदवी नसते.” हे वाक्य मी आठ वर्षं वापरलं. पुण्यात दर रविवारी मी चाकावरच्या कामाचा वर्ग घ्यायचो, तिथे ते हमखास यायचं. समोर कुणी आयटीत नोकरी करणारं, कुणी निवृत्त, कुणी नुकतं कॉलेज संपवलेलं. मी सांगायचो की मी कुंभाराच्या घरचा. कृष्णाकाठच्या गावात आजोबांपर्यंत आम्हाला बलुत्याचं धान्य यायचं. संक्रांतीची सुगडं, नवरात्राचे घट, लग्नातली मडकी, सगळं आमच्या दारातून जायचं. माझे वडील, आबा, सहीपुरतं लिहितात, आणि उन्हाळ्याच्या आधी दोन-अडीचशे माठ करतात. “त्यांना कुणी पदवी दिली?” असं विचारून मी थांबायचो. लोक माना डोलवायचे आणि मला ते आवडायचं.

मी स्वतः उपयोजित कलेची पदवी घेतली होती, जाहिरात कंपनीत सहा वर्षं काढली होती आणि मग मातीकडे परतलो होतो. म्हणजे पदवी मला चालत होती. फक्त मातीत नको होती. माती हा आमच्या घरचा प्रांत, तिथे विद्यापीठानं येऊ नये, असं काहीसं माझ्या मनात होतं. तेव्हा मला ते इतक्या स्पष्टपणे सांगता आलं नसतं.

२०१८च्या उन्हाळ्यात मिरजेची एक मुलगी वर्गाला आली. शिल्पकलेची पदवी नुकतीच हातात आलेली. तिचा हात फार चांगला होता. भांड्याचा काठ सुईनं कापताना बहुतेकांचा हात थरथरतो, तिचा थरथरत नव्हता. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, “सर, सिरॅमिकमध्ये मास्टर्स करू का? फॉर्मची तारीख जवळ आलीय.” मी विचार न करता म्हणालो, “कशाला? दोन वर्षं आणि तेवढे पैसे असतील तर एक चाक घे, छोटी भट्टी घे. माती शिकवेल.” तिनं मान हलवली आणि निघून गेली.

वर्षभरानं तिच्या मैत्रिणीकडून कळलं की तिनं फॉर्मही भरला नाही आणि चाकही घेतलं नाही. घरच्यांनी बँकेच्या परीक्षेला बसवलं. आपल्याकडे मुलीच्या शिक्षणासाठी पैसे निघतात, कर्जही काढलं जातं. मुलीच्या चाकासाठी निघत नाहीत. हा साधा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. मी तिला जो दुसरा रस्ता दाखवला, तो तिच्या घरात नव्हताच. होता तो एकच, आणि तो मी बंद केला.

तरीही वाक्य सुटलं नाही. ते सुटलं आबांच्या माठांमुळे.

आमची माती गावच्या तळ्याची. आबांचे आजोबाही तिथूनच आणायचे. मग तळ्यातला गाळ उपसून शेतांवर गेला. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही, शेतं सुधारली, तळ्यात पाणी वाढलं. पण आमची माती गेली. आबांनी ओढ्याकाठची माती आणली. तशीच भिजवली, तुडवली, तशीच घोड्याची लीद मिसळली, तशीच थापटण्यानं थापली. २०२१च्या त्या उन्हाळ्यात शंभरातले चाळीस माठ सावलीत वाळतानाच तडकले. आबांनी लीद वाढवली. मग वाळू घातली. मग माठ गोणपाटात गुंडाळून ठेवले. सत्तरीचा माणूस, पंचावन्न वर्षं हात मातीत, आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर बसून म्हणाला, “ही माती माझं ऐकत नाही बघ.”

माझ्याकडे बघून म्हणाला. मी पुण्यात शिकवणारा. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पुण्यात मी तयार मातीच्या पिशव्या विकत आणायचो. ती माती कशाची असते, ती का ऐकते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पुढच्या वर्षी मी गुजरातमधल्या एका विद्यापीठात सिरॅमिकच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला. कामाच्या फोटोंची फाइल, प्रवेश परीक्षा, मुलाखत, सगळं सदतिसाव्या वर्षी. लोकांना खरं कारण सांगितलं नाही. रविवारच्या वर्गाला सांगितलं, “तिथे मोठी गॅस भट्टी वापरायला मिळते.” हे खोटं होतं आणि ते खोटं होतं हे मी आज कबूल करतो.

पहिल्याच महिन्यात आम्हाला एकेक भांडं मांडून त्याबद्दल बोलायला सांगितलं. मी आबांच्या पद्धतीचा माठ मांडला. चाकावर जाड काढून घेतलेला, मग आत दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्यानं फुगवलेला, गोल बुडाचा. वर्गात त्या पद्धतीचं काम कुणाचंच नव्हतं आणि मी तसा मिरवतच उभा होतो. आमच्या मॅडमनी विचारलं, “बूड गोल का?” मी म्हणालो, “आमच्याकडे असंच करतात.” त्यांनी पुन्हा विचारलं, “हो, पण का?” मला सांगता येईना. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, रसायनशास्त्रातून आलेल्या केरळच्या एका मुलानं उत्तर दिलं. सपाट बुडाला कोपरा येतो. वाळताना, भाजताना आणि चुलीवर तापताना ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि भांडं तिथे फुटतं. गोल बुडात ताण पसरतो. शिवाय थापल्यानं माती दाबली जाते, भिंत पातळ आणि घट्ट होते. त्या मुलानं आयुष्यात माठ केला नव्हता. आणि मी आयुष्यभर करत होतो.

त्या रात्री मला राग आला होता, त्याचा आणि मॅडमचा. घरचं ज्ञान परक्याच्या तोंडून ऐकण्याचा तो राग होता. त्यात आपलं अज्ञान उघडं पडल्याची लाज किती आणि घरचा अभिमान किती, हे वेगळं करायला मला बरेच महिने लागले.

मग कपाची गोष्ट घडली. पहिल्या सत्राच्या शेवटी स्टोनवेअरची भट्टी लागणार होती, १२८० अंश सेल्सिअसपर्यंत. आमचा गावाकडचा आवा सातशे ते नऊशेच्या आसपास जातो. मी ओढ्याकाठच्या मातीचा एक कप केला होता आणि तो त्या भट्टीत ठेवायचाच असा हट्ट धरला. सरांनी नको म्हटलं, खाली दुसरी थाळी तरी ठेव म्हटलं. मी ऐकलं नाही, गुपचूप ठेवला. भट्टी उघडली तेव्हा कप नव्हता. शेल्फवर काळपट तपकिरी, चकचकीत डबकं होतं. ते वाहत शेजारच्या मुलीच्या भांड्याच्या पायाला चिकटलं होतं. तिचं महिनाभराचं काम छिन्नीनं सोडवताना तुटलं. तिला मी काय बोललो ते आठवत नाही. तिनं मात्र मला काही ऐकवलं नाही, हे नीट आठवतं.

मॅडमनी ते डबकं फोडून त्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ही भांड्याची माती नाही. ही ग्लेझ आहे. आता हिचं काय करायचं ते शोध.”

ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. माझी दोन वर्षं खरं तर या एका तुकड्यात गेली. आपला दख्खनचा प्रदेश बेसॉल्टचा, लाव्हारसातून झालेला. त्या दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. तिच्यात लोह भरपूर आणि वितळायला मदत करणारे चुना-मॅग्नेशियासारखे घटकही बरेच. म्हणून ती कमी तापमानात छान लाल भाजते आणि तापमान फार वाढवलं की वितळते. आणि तिच्यातल्या चिकणमातीचा प्रकार असा की पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणानं. आबांचे माठ तडकत होते ते याच कारणानं. तळ्याचा गाळ वर्षानुवर्षं पाण्यातून निथळून, बारीक रेतीसकट बसलेला होता. ओढ्याची माती जवळजवळ सरळ शेतातली होती.

हे कळायला मी दहा सेंटिमीटरची रेघ मारलेल्या पट्ट्या केल्या. ओली असताना रेघ दहाची, वाळल्यावर पावणेनऊची. आकडा वहीत लिहिला तेव्हा आबांचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. माती ऐकत नव्हती असं नाही. ती तिचं म्हणणं सांगत होती आणि ते वाचायची रीत आमच्या घरात नव्हती.

ग्लेझसाठी मी त्रिकोणी मिश्रणाची पद्धत वापरली. त्रिकोणाच्या एका टोकाला ओढ्याची माती, दुसऱ्याला उसाच्या चिपाडाची राख, तिसऱ्याला फेल्डस्पार. वीस-वीस टक्क्यांनी बदलत गेलं की एकवीस मिश्रणं होतात, एकवीस टाइल्स. राख मी गावाजवळच्या साखर कारखान्यातून पोत्यानं आणली. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते. नुसती माती वाहून जात होती, राखेनं ती भांड्यावर थांबली. साठ भाग माती, वीस राख, वीस फेल्डस्पार, या टाइलवर चिंचोक्यासारखा रंग आला, काठावर किंचित सोनेरी फुटलेला. या एकवीस टाइल्सनंतर मी अजून साडेतीनशे केल्या. त्यातल्या बहुतेक कुरूप आहेत. बाहेर धंदा करताना मी पाचसुद्धा केल्या नसत्या, कारण टाइल विकली जात नाही. दोन वर्षं न विकणाऱ्या गोष्टी करायची मोकळीक हीच त्या अभ्यासक्रमातली सर्वांत मौल्यवान गोष्ट होती असं मला वाटतं. कुंभाराच्या घरात चार पिढ्यांत ती कुणालाच मिळाली नव्हती. तडकलेला माठ म्हणजे त्या आठवड्याचं गेलेलं धान्य. तिथे प्रयोग कोण करणार?

ग्रंथालयात मला निर्मला पटवर्धन यांचं कुंभारकामावरचं पुस्तक मिळालं. बाई पुण्याच्या. भारतात मिळणारी द्रव्यं घेऊन त्यांनी ग्लेझची किती प्रमाणं तपासून लिहून ठेवली आहेत! पुण्यात आठ वर्षं वर्ग घेतले आणि त्यांचं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते गुजरातेत. माझ्या आधी माझ्याच शहरात एक बाई हे सगळं करून गेली होती आणि मी लोकांना सांगत होतो की माती शिकवते, पुस्तक लागत नाही.

याच ओघात माझी जुनी उदाहरणंही तपासून पाहिली. पदवी नको म्हणताना मी पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचं नाव घ्यायचो. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती सुरू केली, तिथे पदवी मिळत नाही आणि तरी देशातले किती तरी नावाजलेले सिरॅमिक कलाकार तिथे घडले. हे खरंच आहे. पण रे मीकर स्वतः अमेरिकेतल्या विद्यापीठात सिरॅमिक शिकून आले होते, हे मी सांगत नव्हतो. माझी दुसरी नावंही अशीच. दिल्लीचे गुरचरण सिंग भूगर्भशास्त्र शिकले होते आणि जपानला जाऊन सिरॅमिक शिकले. सेवाग्रामला १९४४ मध्ये कला शिकवायला आलेले देवीप्रसाद शांतिनिकेतनचे विद्यार्थी. ज्यांच्या नावावर मी शिक्षणाला नाकारत होतो ते सगळे आधी शिकले होते.

एक गोष्ट मात्र अशी कळली की ती आधी कळायला हवी होती, असं आजही रात्री वाटतं. कार्यशाळेत पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं गेलं की इथे कोरडा झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं. मातीच्या आणि क्वार्ट्झच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. फक्त टाळता येतो. मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे आई. रोज तिन्हीसांजेला ती आमची पडवी केरसुणीनं झाडायची, उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत धूळ चमकायची आणि आम्ही पोरं त्यात खेळायचो. मी त्याच आठवड्यात घरी फोन केला. आई म्हणाली, “आता ह्या वयात फडकं घिऊन बसू व्हय?” पण बसली. आता ती पडवी पुसते.

पहिल्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा ओढ्याच्या मातीत खापराची पूड मिसळून पाहिली. फुटलेले माठ कुटले, चाळले आणि पाच भागांत एक भाग घातली. भाजलेली माती पुन्हा आक्रसत नाही, ती ओल्या मातीला आतून धरून ठेवते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट देते. रेघ या खेपेला सव्वानऊवर थांबली. आबा बराच वेळ पट्टीकडे बघत होते. मग म्हणाले, “खापराची भुकटी माझी आज्जी घालायची. तळ्याची माती गावली तवा बंद झालं.”

हे ऐकून मी सुन्न झालो. म्हणजे घरात ते होतं. चांगली माती मिळाली, गरज संपली, आणि कुणी लिहून न ठेवल्यामुळे दोन पिढ्यांत ते गेलं. घरचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अबाधित येतं, अशी माझी श्रद्धा होती. तसं ते येत नाही. जेवढं रोज लागतं तेवढंच येतं.

त्याच सुट्टीत आणखी एक घडलं. आव्यातून काढलेली दहा बोळकी मी आबांपुढे मांडली. त्यांनी बोटानं टिचकी मारत मारत तीन बाजूला केली. आमच्या घरी याला गोरोबाकाकांची परीक्षा म्हणतात. तेरच्या गोरोबांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ती गोष्ट आम्ही पाळण्यात ऐकलेली. मी दहाही बोळकी शाईच्या पाण्यात ठेवली. आबांनी बाजूला केलेल्या तिनांपैकी दोन बोळक्यांवर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरेत शाईची रेघ उमटली. तिसरं हळूहळू मऊ पडून पुन्हा चिखल झालं. ते आव्याच्या कडेला होतं. तिथे मातीच्या रचनेतलं पाणी निघून जाण्याइतकी आच पोचलीच नव्हती. उरलेल्या सातांना काही झालं नाही. दहाच्या दहा उत्तरं बरोबर. मी ते प्रबंधात लिहिलं, आबांच्या नावासकट, ‘टिचकी’ हा शब्द ठेवून.

प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला. ही माझी तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. गुंडा, थापटणं, परळ, वेळणी, आवा या शब्दांना तळटीपा द्याव्या लागतात आणि तळटीपेत शब्द मरतो. आणखी एक तक्रार. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी माती निवडली होती. आमच्यावर ती जातीनं आली होती. “तुझ्या रक्तातच आहे” असं कुणी प्रेमानं म्हणालं की मला कानकोंडं व्हायचं. रक्तात काही नव्हतं. पाठीत होतं, गुडघ्यात होतं, आणि गावच्या लग्नात मडकी पोचवून मागच्या दारानं परतणाऱ्या आजोबांच्या आठवणीत होतं. अभ्यासक्रमात यावर बोलायला जागा नव्हती. ती मी मागून घेतली आणि एका सत्रात बोललो. ऐकून घेतलं गेलं, एवढं सांगतो.

कलाशाळेत कुंभारकाम आणण्याचा आपल्याकडचा इतिहास तसा जुना. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली भांडी होऊ लागली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेली नक्षी असलेली त्या शाळेची भांडी आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. दीडशे वर्षं होत आली. एवढ्या काळात आमच्या गावच्या कुंभारवाड्यातून सिरॅमिकच्या पदव्युत्तर वर्गात बसलेला मी पहिला. कारण आमच्यासारख्यांना कुणी जा म्हणालं नाही, आणि माझ्यासारखा एक जण शिकून उभा राहिला तर तो इतरांना जाऊ नका म्हणत राहिला.

या शिक्षणानं नोकरी मिळते असं मी म्हणत नाही. शिकवण्याच्या जागा थोड्या आहेत, भट्टी महाग आहे, गॅस महाग आहे. ज्याला सुट्टीच्या दिवशी दोन कप करून आनंद घ्यायचा आहे त्यानं खुशाल रविवारच्या वर्गाला यावं. मी अजून घेतो. पण माझं मत आता पूर्ण उलटं झालं आहे. पूर्वी मला वाटायचं, ज्यांच्या हाताला येत नाही त्यांच्यासाठी पदवी असते. आता मला वाटतं, ज्यांच्या हाताला आधीच येतं त्यांनी आधी जावं. कुंभाराच्या मुलानं जावं, मुलीनं तर जावंच, कारण आमच्यात चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत होती आणि माती तुडवण्यापासून नक्षीपर्यंत बाकीचं काम तिच्याच अंगावर होतं. विचारायचे खरे प्रश्न त्यांच्याकडेच साठलेले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आबांनी शंभर माठ केले. सात तडकले.

आता मिरजेच्या त्या मुलीला. तुझा नंबर माझ्याकडे नाही आणि मैत्रिणीचाही बदलला आहे, म्हणून इथे लिहितो. मी तुला चुकीचं सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं बोललो. तुझं वय अजून तिशीच्या आसपास असेल, मी सदतिसाव्या वर्षी गेलो. फॉर्म भरायचा असेल तर फाइल लावायला मी मदत करीन, आणि भरायचा नसला तरी एकदा येऊन जा. टाइल्सच्या तीन वह्या आहेत, प्रत्येक मिश्रणाचं वजन, तापमान आणि काय बिघडलं ते मराठीत लिहिलेलं आहे. त्यांच्या झेरॉक्स प्रती तुझ्यासाठी काढून ठेवल्या आहेत. घर कुंभारवाड्यात, शाळेच्या मागं, तिसरं.